पहिला घाणा

नाताळ आठवड्यावर आला तरी शेजारच्या अण्णांचं पितळी ताट आबांच्या घरात मांडणीवरच उभं होतं. दिवाळीत ते शेव, अनारसे आणि रव्याचे लाडू घेऊन आलं होतं. काठावर टिंबाटिंबांनी अण्णांच्या आईचं नाव कोरलेलं. साक्रीतल्या या दोन घरांची रीत अशी, की दिवाळीचं ताट लगेच परत करायचं नाही. ते नाताळला करंज्या घेऊन परत जायचं. भरून आलेलं ताट रिकामं धाडायचं नसतं, हे तर कुठल्याही घरात कुणाला सांगावं लागत नाही.

पण यंदा दिवाळी आणि नाताळ यांच्या मध्ये बांध आला.

दोघांची शेतं कान नदीच्या काठी, एका फडात, लागून. पांझरा-कानच्या खोऱ्यातली ही फडपद्धत काही शतकांची जुनी. नदीत दगडी बंधारा, त्यातून काढलेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठाले तुकडे म्हणजे फड. ज्या फडात गहू, तिथे सगळ्यांचा गहू. ज्या फडात ऊस, तिथे सगळ्यांचा ऊस. पाणी सोडायला शेतकऱ्यांनीच पाटकरी नेमलेला असतो. तो ओळीनं पाणी देत जातो, मालकानं मध्ये हात घालायचा नाही. बंधाऱ्याचा दगड निसटला की सगळ्यांनी मिळून बसवायचा. माझ्या मते खानदेशानं एकमेकांना धरून राहण्याचा जेवढा अभ्यास या पाटांवर केला, तेवढा दुसरीकडे कुठेच केला नसेल. तरी अशा फडातही बांधावरून माणसं तुटतात.

त्या फडात यंदा गहू होता. दिवाळी झाल्यावर अण्णांच्या मुलानं भाड्याचा ट्रॅक्टर लावून रान नांगरलं. आबा तेव्हा नवापूरला लग्नाला गेले होते. परत येऊन पाहतात तो तीन फुटी बांध जेमतेम फूटभर उरलेला. आबांनी अण्णांना पाटावर गाठून विचारलं. अण्णांनी आधी मुलाची बाजू घेतली. मग शब्दाला शब्द वाढला आणि ते म्हणाले, "बांध तुझ्या बापानंच माझ्या रानात सरकवलेला होता." गेलेल्या माणसाचं नाव निघालं आणि बोलणं तिथेच थांबलं. लहानपणी एका पाटीवर मुळाक्षरं गिरवलेले दोन म्हातारे समोरासमोरच्या ओट्यांवर बसून रस्त्याच्या वेगवेगळ्या टोकांकडे पाहू लागले.

आबांच्या पाठचा भाऊ नाना. तो तापट, पण कामाला चोख. त्यानं भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज भरला, फी भरली, जानेवारीची तारीख मिळवली. लगतचे खातेदार म्हणून अण्णांना नोटीस गेली. ज्या घराला मीठ संपलं तर खिडकीतून हाक मारायची, त्या घराला टपालानं सरकारी लिफाफा गेला. भांडणापेक्षा ही गोष्ट मला जास्त दुःखाची वाटते.

आबांचं घर मोठं. आबा, नाना आणि भाऊ हे तिघे, त्यांच्या बायका, मुलगे, सुना, नातवंडं. एक मुलगा सुरतेला नोकरीला. तो सणाला बायकोमुलांसकट आला की पंगत पंचविसाच्या पुढे जायची. आबांची बायको ही सगळ्यांची मोठी माय. गॅसच्या शेगड्या आल्या, मिक्सर आला, पण घराची चूल एकच राहिली. पहाटे पाचला बंब पेटायचा. पाण्याच्या बादल्यांचा क्रम ठरलेला: आधी दूध घालायला जाणारे, मग शाळेची मुलं, मग कापूस वेचायला जाणाऱ्या बाया. कुणाच्या डब्यात कळण्याची भाकरी, कुणाला पोळीच हवी, एकाला तिखट चालत नाही, एकाला तिखटाशिवाय जेवण जात नाही. दुपारी दोन वाजेपर्यंत तवा खाली उतरत नसे. अशा घरात भांडण रोजच व्हायचं. त्याचं आश्चर्य कुणाला नव्हतं. ते रात्रीवर जाऊ द्यायचं नाही एवढंच मोठी माय पाहायची.

घर ख्रिस्ती, आबांच्या आजोबांपासून. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्याच काळात स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं पश्चिम खानदेशात, नवापूरच्या बाजूला काम करू लागली होती. त्यांच्यामुळे या घरात पवित्र शास्त्र आलं, शाळेची पाटी आली. चूल, भाषा आणि शेजार मात्र होता तोच राहिला. घरात बोलणं अहिराणीतच. आखाजीला पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, तशा या घराच्याही येतात. नाताळला बाहेर कागदाची चांदणी टांगली जाते आणि आत करंज्या, शंकरपाळे, चकल्या तळल्या जातात. पंचवीस तारखेला उपासनेहून आलं की खापरावरचे मांडे. मोठी माय भिजवलेल्या पिठाचा पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर नाचवत कोपरापर्यंत पसरवायची आणि उपड्या खापरावर एका झटक्यात टाकायची. सुना शिकल्या होत्या, पण मांडा न फाटता टाकणं अजून एकीलाच जमायचं.

चोवीस तारखेच्या रात्री भजनाची फेरी निघायची. पेटी, झांजा आणि मृदंग. गाणी बहुतेक नारायण वामन टिळकांची. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही टिळकांनी अभंगाची चाल सोडली नाही. म्हणून तर त्यांची भजनं गाताना मृदंग लागतो, आणि मृदंग म्हणजे अण्णा. अण्णा वारकरी, गळ्यात तुळशीची माळ, एकादशीचा उपास. विठ्ठलमंदिरातल्या काकड्याला मृदंग धरणारे हात चोवीस डिसेंबरला आबांच्या फेरीत असायचे. हे कधी ठरवून झालं नव्हतं. तरुणपणी एका वर्षी वाजवणारा आजारी पडला, आबांनी अण्णांना हाक मारली, आणि पुढे दर वर्षी अण्णा हाकेची वाट न पाहता येत गेले.

अण्णांच्या माळेचा मान आबांच्या घरानंही राखला होता. फराळ तळायच्या दिवशी घरात मांसमच्छी, अंडं काही यायचं नाही. कढई घासूनपुसून घ्यायची, तेल नवं घालायचं, आणि करंज्यांचा पहिला घाणा अण्णांच्या ताटात. ते ताट घराबाहेर पडेपर्यंत फराळाला कुणी हात लावायचा नाही, अगदी रांगतं पोरसुद्धा. केक आणि रस्सा यांची पाळी त्याच्यानंतर. हा नियम मोठ्या मायच्या सासूनं घातलेला.

तेवीस तारखेला सकाळी मोठ्या मायनं कढई काढली. त्या दिवशी घरात आणखी एक अबोला होता. नानांची सून आणि भाऊंची सून, दोघी तीन दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या. झालं होतं एवढंच, की नानांची सून बचत गटाच्या कामाला बँकेत गेली आणि तिची स्वयंपाकाची पाळी दुसरीला करावी लागली. संध्याकाळी भाऊंची सून म्हणाली, "आम्हाला बी बँकेत जाता येतं." त्यावर नानांची सून म्हणाली, "मंग जाय ना." मोठ्या घरात याहून कमी शब्दांत चुली वेगळ्या झालेल्या आहेत.

दोघीही आपापली बाजू घेऊन मोठ्या मायकडे गेल्या होत्या. कोण चुकलं ते सांगा, एवढंच दोघींचं म्हणणं. मोठी माय म्हणाली, "सांगसू. करंज्या होऊ द्या."

तिनं एकीच्या हाती पोळपाट दिला आणि दुसरीच्या पुढ्यात सारण आणि कातणं ठेवलं. करंजी हे दोघींचं काम आहे. लाटणारीनं पुरी लाटली की भरणारीनं लगोलग सारण घालून, कडेला दुधाचं बोट फिरवून, दुमडून, कातण्यानं कापायची. पुरी उघडी राहिली तर सुकते. सुकलेली कड चिकटत नाही. न चिकटलेली करंजी तेलात उकलते, सारण तेलात पसरतं, जळतं, आणि त्या एकीपायी कढईतल्या सगळ्या करंज्यांवर काळे ठिपके येतात.

नानांची सून तोंड मिटून लाटत राहिली. तिचा हात चपळ. पाहता पाहता ताटलीत आठदहा पुऱ्या झाल्या. भाऊंची सून मान खाली घालून भरत होती, पण तिचा वेग तेवढा नव्हता, आणि हळू लाट असं सांगायचं तर बोलावं लागणार होतं. ती बोलली नाही. खालच्या पुऱ्या वरच्यांच्या भारानं चिकटल्या, कडेच्या सुकल्या. पहिल्या घाण्यात सोडलेल्या दोन करंज्या तेलात तोंड उघडून उताण्या झाल्या.

मोठ्या मायनं झाऱ्यानं सगळा घाणा काढून बाजूला केला. कढई उतरवली, तेल गाळलं, कढई पुसली, नवं तेल ओतलं. महागाच्या दिवसांत तेवढं तेल बाजूला ठेवताना तिचा हात थबकला नाही. "हाऊ घाणा अण्णासना ताटमा जावाना नही," एवढंच ती म्हणाली, आणि विस्तवापाशी परत बसली.

थोडा वेळ कुणाचाच हात चालला नाही. मग भाऊंची सून म्हणाली, "जरा दमानं लाट. मी मागं पडते." दुसरी म्हणाली, "तूच थांब म्हन. मले कसं समजी?" एवढं झाल्यावर पुढचं आपोआप होत गेलं. जाड झाली, पातळ कर, सारणात वेलदोडा कमी पडला का बघ, तुझ्या पोराचा ताप उतरला का. दुपारपर्यंत परात भरली. संध्याकाळी मोठी माय म्हणाली, "हं, आता सांगू का कोण चुकलं ते?" दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ऐकायला दोघींपैकी कुणी थांबली नाही, कारण शंकरपाळ्यांचं पीठ भिजवायचं राहिलं होतं.

नव्या तेलातला पहिला घाणा अण्णांच्या ताटात रचला गेला. चिंचेनं घासून ताट लख्ख झालं होतं. वर क्रोशाचा रुमाल टाकून मोठ्या मायनं ते ओट्यालगतच्या खिडकीत ठेवलं. आबांची काठी तिथेच असायची.

आबांनी ताट पाहिलं आणि काठी न घेताच बाहेर गेले.

त्याआधीच्या रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय घेतला होता. वेदीपाशी दान घेऊन आला आहेस आणि तिथे तुला आठवलं, की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये, अशा अर्थाची ती येशूची शिकवण. आबा पुढच्या बाकावर बसले होते. घरी येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. जेवताना मात्र आपणहून म्हणाले, "मी कुठे नाही म्हणतो? मोजणी होऊ द्या. तो चुकला असेल तर मी माफ करीन. मी चुकलो असेन तर चारचौघांत माफी मागीन. यापेक्षा न्यायाचं काय बोलायचं माणसानं?"

नाना म्हणाला, "बरोबर शे."

खरोखरच ते न्यायाचं बोलणं होतं. आबा खोटं बोलणारा माणूस नव्हता. चूक निघाली असती तर त्यांनी माफी मागितलीच असती. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात खोट काढायला कुणाला जागा सापडेना. त्या दिवशी मोठी मायही गप्प राहिली.

तेवीसच्या रात्री मात्र ती बोलली. घर निजलं होतं. मार्गशीर्षातली थंडी, दूर डोंगराकडे कुठेतरी पावरी वाजत होती. पश्चिमेकडच्या पाड्यांवर मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो, त्याचे सूर साक्रीपर्यंत येत. खिडकीत ताट तसंच होतं. मुलांनी दिवसभरात दहा वेळा येऊन रुमालाकडे पाहिलं होतं आणि कुणी एक करंजीही मागितली नव्हती.

"साहेब जानेवारीत येतील," मोठी माय म्हणाली. "तेव्हा जाल तर त्यांचा कागद घेऊन जाल. उद्या जाल तर ताट घेऊन जाल. तुम्हीच पाहा."

"आणि तोच चुकलेला असला तर?"

"कागद आल्यावर चुकलेला माणूस दार उघडतो का? तुम्ही उघडलं असतं का?"

आबांनी कूस बदलली. झोप त्यांना लागली नसावी, कारण पहाटे बंब त्यांनीच पेटवला.

चोवीस तारखेचा दिवस धावपळीत गेला. सुरतेहून मुलगा आला. त्याच्या मुलींनी केक आणला होता, तो न उघडता कपाटावर ठेवला गेला, आणि का ते त्यांच्या चुलत भावंडांनी त्यांना समजावलं. नाटिकेत मेंढपाळ होणाऱ्या दोन पोरांसाठी खरी घोंगडी हवी होती, ती फडात मेंढरं बसवायला आलेल्या ठेलाऱ्याकडून मागून आणली. घोंगडीला मेंढरांचा वास होता. मुलं नाक मुरडू लागली तर मोठी माय म्हणाली, "देवाचा पोरगा जन्मला तठे असाच वास व्हता." नाना चांदणीच्या दिव्याची वायर जोडत होता. फेरीला मृदंगाचं काय, असं तरुण पोरांनी विचारलं. कुणीतरी म्हणालं, मोबाइलवर ताल लावू, स्पीकर आहे. त्यावर हो किंवा नाही कुणीच म्हणालं नाही.

दिवेलागणीला आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली आणि खिडकीतून ताट उचललं. बरोबर कुणाला बोलावलं नाही. भाऊंची चार वर्षांची नात, घरातली बारकी, तेवढी मागोमाग निघाली, कारण तिचं सगळं लक्ष दिवसभर त्या रुमालावर होतं. रस्ता ओलांडला की अण्णांचा ओटा. पण रस्ता ओलांडायला आबांना बराच वेळ लागला. गल्लीतली माणसं पाहत होती. नाना दारात उभा होता, त्यानं अडवलं नाही.

अण्णा ओसरीत खाटेवर बसले होते. त्यांच्या घरची जिजी चुलीपुढे होती. तिनं आधी ताट पाहिलं, मग ताट धरणाऱ्याला. ती पदर सावरत उठली आणि काहीच न बोलता बाजूला झाली.

"ताट राहिलं होतं," आबा म्हणाले.

अण्णांनी वर पाहिलं. "आबा, तो बांध..."

"ते नको. ते साहेब सांगतील. मी ताट द्यायला आलोय."

"नाही, मले सांगू दे..."

"अण्णा, आज नको. आज मी काही ऐकायला आलो नाही आणि सांगायलाही नाही. पाटावर तुझ्याशी बोललो तसं मी बोलायला नको होतं. एवढंच."

अण्णांनी दोन्ही हातांनी ताट घेतलं. आईच्या नावाच्या टिंबांवरून त्यांचा अंगठा फिरला, हे बारकीनं नंतर घरी करून दाखवलं. जिजी म्हणाली, "बठा, चहा ल्या." आबा खाटेच्या कडेला बसले. चहा झाला. शेताचं कुणी काढलं नाही. थंडी गव्हाला चांगली आहे, कांद्याची रोपं यंदा कुणाकडची घेतली, गुडघा कसा आहे, असं बोलणं झालं. बारकीला जिजीनं त्याच ताटातली करंजी दिली. घरातल्या एकूण मुलांमध्ये त्या वर्षीची पहिली करंजी तिला मिळाली, आणि तीही शेजारच्या घरात.

आबा उठले तेव्हा अण्णा म्हणाले, "फेरी कितीला काढतस?"

"नवाला."

"कातडं थंडीनं उतरलं असेल. शेकायला लागेल," अण्णा म्हणाले आणि आतल्या खोलीत मृदंग काढायला गेले.

त्या रात्रीच्या फेरीचं वर्णन मी करत नाही. ज्यांनी डिसेंबरातल्या थंडीत, कानटोपी घालून, एका कंदिलामागे गल्लीतून भजन म्हणत जाणारी माणसं पाहिली आहेत, त्यांना ते सांगायला नको. बारा वाजता फेरी संपली ती अण्णांच्याच ओट्यावर.

जानेवारीत ठरल्या तारखेला भूकरमापक आले. यंत्र लावलं, नकाशा उघडला, जुन्या खुणा शोधल्या. बांधाच्या मोजणीला जाताना भांडणाची तयारी ठेवूनच जावं लागतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. दोन्ही घरांतले सगळे पुरुष बांधावर उभे होते. दुपारपर्यंत हद्दीच्या खुणा रोवल्या गेल्या. अण्णांच्या गव्हाच्या तीन ओळी आबांच्या गटात निघाल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आबांच्या वडलांनी काही सरकवलेलं नव्हतं.

अण्णांचा मुलगा काही बोलायला पुढे झाला. अण्णांनी त्याला हातानं थांबवलं. "साहेब, हरकत नाही म्हणून लिहा. मी सही करतो." मग ते आबांकडे वळले. गळ्यातली माळ त्यांनी मुठीत धरली होती. "तुझ्या बापाबद्दल बोललो ते खोटं बोललो. मले माहीत नव्हतं, तरी बोललो."

"झालं ते," आबा म्हणाले.

नाना मध्येच म्हणाला, "गहू उपटून आजच बांध घालू." त्याचं म्हणणं कायद्यानं बरोबर होतं. ओंब्या अजून बाहेर पडायच्या होत्या, पोटरीत होत्या. आबांनी नानाकडे पाहिलं. "उभं पीक उपटायचं? आपण शेतकरी ना? पेरलंय त्यानं, निघू दे. बांध चैतात घालू."

"मंग त्या तीन ओळींचा गहू कोना?" नानानं विचारलं.

त्याचं उत्तर तेव्हा कुणी दिलं नाही. भूकरमापकांनी पंचनामा पुरा केला. त्यांना जेवायला कुणाच्या घरी न्यायचं, यावर मात्र थोडी ओढाताण झाली. शेवटी भरीत-भाकरी अण्णांकडे आणि चहा आबांकडे असं ठरलं.

मार्चमध्ये गहू निघाला. अण्णांच्या मुलानं हार्वेस्टर आणला होता, पण अण्णांनी त्या तीन ओळींत तो घालू दिला नाही. त्या त्यांनी विळ्यानं कापल्या, वेगळ्या झोडपल्या, वाऱ्यावर उपणल्या. वीसेक किलो गहू झाला. एका पांढऱ्या पिशवीत भरून, तोंड सुतळीनं शिवून, खांद्यावर घेऊन ते आबांच्या ओट्यावर आले.

"तुझ्या मातीतला आहे," ते म्हणाले.

"बी तुझं, मेहनत तुझी," आबा म्हणाले. "मी घेणार नाही."

पिशवी दोन दिवस ओट्यावर पडून राहिली. मोठी माय तिच्यावरून ये-जा करत होती. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "हंगामाचा सण आला. देवाला तरी द्या."

मंडळीत हंगामाच्या सणाला लोक आपापल्या रानातलं पहिलं पीक आणतात. गहू, हरभरा, भोपळे, केळीचा घड, कोंबडी, अंडी, जे असेल ते. त्याचा मग लिलाव होतो. आबा गव्हाची पिशवी घेऊन निघाले, पण गल्लीच्या तोंडापाशीच त्यांच्या पाठीत उसण भरली. अण्णांनी ओट्यावरून पाहिलं, येऊन पिशवी आपल्या खांद्यावर घेतली आणि चालू लागले. तुळशीची माळ घातलेला म्हातारा चर्चच्या दारातून गहू घेऊन आत येताना पाहून मंडळी सरकून बसली. कुणीतरी त्यांना खुर्ची दिली.

अर्पणाची नोंद घ्यायला पाळकसाहेब वही घेऊन बसले होते. त्यांनी विचारलं, "कुणाच्या नावानं लिहू?"

"ह्यांच्या," आबा म्हणाले.

"काही नको, ह्यांच्या," अण्णा म्हणाले. "माती ह्यांची."

"पेरणी ह्यांची."

"साहेब, मोजणी झालेली आहे. नकाशा आहे. हद्द ह्यांची आहे, मी सही केलेली आहे."

"सही बांधाची केली, गव्हाची नाही."

दोघांचे आवाज चढले. मागच्या बाकांवरची पोरं मान उंचावून पाहू लागली. नानानं कपाळाला हात लावला. पाळकसाहेबांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, पेनचं टोपण काढलं आणि नावाच्या रकान्यात शेताचा गट नंबर लिहिला.